लोणार फायनल

लोणारला जायचं ठरलं तेव्हा श्रावण चालू होता आणि प्रत्यक्ष गेलो तेव्हा दसरा होऊन गेला होता. आमच्या संभाजीनगरहून लोणार दीडशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे ठरल्या दिवशी घरातून निघून रोज तीन तीन किलोमीटर चाललो असतो तरी गाडीच्या आधी पोचलो असतो.

सुरुवात झाली मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टवरून. तिला लोणार सरोवर आलं होतं, मी आपलं सहज फॅमिली ग्रुपवर टाकलं की रविवारी लोणार करायचं का, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. एवढंच. बाबांनी अंगठा टाकला, मोठ्या काकांनी अंगठा टाकला, आत्यानं हात जोडलेले टाकले, ज्याचा अर्थ तिच्याकडं होय पण असतो आणि नाही पण असतो. चुलतभावाला, म्हणजे दादाला, असल्या कामात भारी उत्साह, त्यानं दहा मिनिटांत 'लोणार फायनल' नावाचा वेगळा ग्रुप काढला. ज्या गोष्टीच्या नावातच फायनल आहे ती कधी फायनल होत नाही हे मला ऑफिसातल्या फाइलींवरून माहीत होतं, तरी मी गप्प बसलो.

आधी तारीख. श्रावणात आत्याचे उपास, म्हणून श्रावण गेला. मग गणपती, घरात गणपती असताना बाहेर कसं जायचं. गणपती गेले की पितृपक्ष, त्यात आई म्हणाली की या दिवसांत कुणी फिरायला जातं का, आणि यावर वाद घालायची कुणाची हिंमत झाली नाही कारण तिची वाक्यं प्रश्नार्थक असली तरी प्रश्न नसतात. मग नवरात्र. सरोवराच्या काठावरच कमळजादेवीचं देऊळ आहे, तिथं नवरात्रात गर्दी असते, काकू म्हणाल्या दर्शन नीट व्हायचं नाही. दसऱ्यानंतरचा रविवार तेवढा मोकळा सापडला तर त्या दिवशी दिवाळीची साफसफाई काढायची होती. बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं की साफसफाई तू करणारेस का, मग तुला काय त्याचं, जाऊ या. तारीख अशी ठरली.

मग रस्ता. याच्यावर मी स्वतंत्र लिहू शकेन पण घरात राहायचंय. काकांचं म्हणणं समृद्धीनं जायचं, सिंदखेडराजाला उतरायचं, जिजाऊंचं जन्मस्थान बघायचं आणि पुढं लोणार. बाबांचं म्हणणं जालना, मंठा, लोणार, सरळ रस्ता, चाळीस वर्षांपूर्वी एसटीनं गेलो होतो. काका म्हणाले चाळीस वर्षांपूर्वी खड्डा पण नवा होता. बाबांनी ग्रुप सोडला. त्यांना परत घेतलं. दादाला मधेच बुलेट आणायची होती, त्याला सांगितलं की समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, तर बाबा लगेच, बघा, पोराला यायला मिळत नाही असला कसला रस्ता, मंठ्यानंच जायचं. बाबांना दादाच्या बुलेटचा एरवी इतका राग आहे की ती गल्लीत शिरली की ते खिडकी लावून घेतात, पण त्या आठवड्यात बुलेट म्हणजे घरचा नातूच झाली होती.

काकूंची अट वेगळीच. त्यांना गुलाबी पाणी बघायचं होतं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, लॉकडाऊनमध्ये सगळ्यांच्या फोनवर तो फोटो फिरला, काकूंनी तो अजून जपून ठेवलाय. मी समजावून सांगितलं की काकू, तेव्हा उन्हाळ्यानं पाणी आटलं होतं, खारटपणा वाढला, मग मिठात जगणारे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगानं पाणी गुलाबी दिसलं, पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासून सांगितलंय, एरवी पाणी हिरवंच असतं. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग तिथं कुणाला तरी फोन करून विचार ना आज कोणता आहे." आत्यानं त्यावर सुचवलं की नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग असतात, त्यात गुलाबीच्या दिवशी जाऊ. मला दोन मिनिटं खरंच कळेना की यात चूक काय आहे.

दादानं मग आणखी एक काडी टाकली. कुठूनतरी माहिती काढून ग्रुपवर टाकली की विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून पाणी १३७ मीटर खाली, आणि खाली स्वतःचं गणित, म्हणजे पंचेचाळीस मजले. झालं. तोपर्यंत काकूंच्या मनात सरोवर म्हणजे कठडा, बाकडं आणि समोर पाणी असं होतं. आता त्यांचे गुडघे चर्चेत आले, डावा थोडा बरा आहे, उजवा चढताना दुखतो, आत्याचा उतरताना दुखतो. दोघींचे मिळून एक माणूस व्यवस्थित खालीवर होऊ शकला असता. देवी तर खाली. दर्शन तर घ्यायचंच. काकू रात्री साडेअकराला विचारतात, "लिफ्ट केलीय का रे आता?"

माझी मुलगी एकटी खरं काम करत होती. तिनं वहीत लिहून काढलं की १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं याची नोंद केली, नंतर खूप वर्षं लोक याला ज्वालामुखीचं विवर समजत, १९७३ च्या अभ्यासात खडकात जबरदस्त धक्क्यानंच होणारी काच सापडली आणि उल्का पडल्याचं नक्की झालं. हे तिनं जेवताना वाचून दाखवलं. बाबांनी घास थांबवला. बाबांची शाळा १९७३ च्या आधी संपलेली, त्यांना गुरुजींनी ज्वालामुखी शिकवलाय आणि गुरुजींनी शिकवलेलं बदलायची आमच्याकडं पद्धत नाही. "सगळा आपला दख्खन ज्वालामुखीचा, काळा दगड, मग एवढं एकच भोक वरून कशाला पडेल?" मुलगी म्हणाली आजोबा, दगड ज्वालामुखीचा, भोक उल्केचं. बाबा म्हणाले, "ताक घे."

वयाचा पण घोळच आहे म्हणा. आधी पन्नास हजार वर्षं म्हणायचे, नंतर दुसऱ्या पद्धतीनं मोजलं तर पाच लाख सत्तर हजार निघाली. हे ऐकून दादाला फार बरं वाटलं, कारण त्याच्यावर निघायची वेळ पाळायची जबाबदारी होती.

तर नऊ माणसं, त्यामुळं क्रूझर ठरवली. निघायचं पहाटे साडेपाचला. ड्रायव्हर सव्वापाचलाच गल्लीत येऊन हॉर्न वाजवायला लागला, आख्खी गल्ली उठली, आमचं घर सोडून. साडेसहाला काकांची अंघोळ, सातला काकू धपाटे करत होत्या, काल रात्री केले तर वातड होतात म्हणून. पावणेआठला आत्या रिक्षानं आली, मांडीवर दह्याचा डबा. आता हा डबा मला जन्मभर दिसणार आहे. स्टीलचा, झाकण जरा सैल म्हणून वरून जुन्या सुती ओढणीची गाठ, त्या गाठीवर आणखी एक रबर, आणि त्याला दोन्ही हातांनी असं धरलेलं जसं बारशाला बाळ धरतात. गाडीत चांगली जागा कुणाला, वयाला की गुडघ्याला, हा प्रश्न दह्यानं सोडवला. आत्या मधल्या सीटवर खिडकीशी, कारण तिथं हादरे कमी. निघालो तेव्हा आठ चाळीस झाले होते.

रस्ता कोणता हे कुणी ड्रायव्हरला सांगितलंच नव्हतं, दोन्ही पार्ट्यांना वाटलं आपलंच ठरलंय. त्यानं न विचारता जालन्याहून मंठ्याची दिशा धरली. बाबा खिडकीबाहेर बघत इतके शांत बसले की पाठीमागून सुद्धा त्यांचं हसू दिसत होतं. काका मागच्या सीटवरून प्रत्येक खड्ड्याला मोठ्यानं आकडा लावत होते. मंठ्याच्या अलीकडं सव्वीस झाले. सत्ताविसाव्याला गाठ सुटली नाही, रबर तुटलं नाही, झाकण पण जागच्या जागी होतं, फक्त दही खालून ओढणीतून झिरपत आत्याच्या नव्या साडीवर आलं होतं. डबा बुडाला चिरलेला होता. आत्या काही बोलली नाही. दही घरून निघतानाच आठशे ग्रॅम होतं की किलो होतं यावर पुढं लोणारपर्यंत गाडीत चर्चा झाली.

सव्वाबाराला काठावर उभे राहिलो. ऊन डोक्यावर, माकडं झाडावर. आणि खाली ते. मी फोटोत शंभर वेळा बघितलं होतं तरी सांगतो, फोटोत त्याची गोलाई येत नाही. सगळीकडून झाडी उतरत गेलेली आणि तळाशी हिरवं, घट्ट, जराही न हलणारं पाणी, कुठंतरी मोर ओरडत होता तो आवाज खालून वर येत होता. आमचे नऊच्या नऊ लोक सुमारे अर्धं मिनिट गप्प होते. आमच्या घराण्यात असं याआधी फक्त आजोबा गेले तेव्हा झालं होतं.

"हिरवंय," काकू म्हणाल्या, आणि आम्ही परत नॉर्मल झालो.

काकू, आत्या, आई खाली उतरल्याच नाहीत, वरूनच देवीला हात जोडले आणि गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात जाऊ म्हणाल्या, तिथं पायऱ्या कमी. विष्णूनं लवणासुराला मारलं ती जागा हीच, ही गोष्ट आत्यानं दही पुसत पुसत सांगितली आणि सांगताना असुराची बाजू जरा जास्तच घेतली असं मला वाटलं. दादा, ज्यानं मजले मोजले होते, तो चप्पल घालून आला म्हणून गाडीत बसला. मी, मुलगी, बाबा आणि काका अर्ध्यापर्यंत उतरून एका झाडाखाली टेकलो.

तिथं मुलीनं वही काढली. म्हणाली, संशोधकांचा अंदाज आहे की उल्का सरळ नाही, तिरकी आली, पूर्वेकडून.

काकांनी घाम पुसायचा थांबवला. पूर्व कुठं ते उन्हावरून बघितलं, बोटानं दिशा धरली, मनात नकाशा लावला. "पूर्वेकडून म्हणजे रिसोडकडून." मग बाबांकडं वळून एकेक शब्द सुटा करून, "म्हणजे मंठ्याकडून तो पण आला नाही."

बाबांनी बाटलीतलं पाणी सावकाश प्यायलं, टोपण लावलं.

"म्हणून तर सांगतोय केव्हाचं, ज्वालामुखी आहे. खालून आलाय. रस्त्याचा प्रश्नच येत नाही."