नवदुर्गा निवडताना घ्यावयाची काळजी

(सोसायटीच्या कार्यकारिणी सदस्यांसाठी, आणि होऊ घातलेल्यांसाठीही)

स्त्रीशक्तीचा जागर हा हल्ली लिफ्टच्या एएमसीसारखा, म्हणजे वार्षिक देखभाल करारासारखा झालाय. दरवर्षी करावाच लागतो. शेजारच्या सोसायटीनं केला, समोरच्या टॉवरनं केला, त्यांना तर माजी नगरसेवकांनी एलईडी स्क्रीन दिला. मग आपण मागे राहून कसं चालेल? पण जागर म्हटला की धोका आलाच. नऊ दिवस देवीला उठवता उठवता चुकून एखादी बाई जागी झाली, तर दसऱ्यानंतर ती सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांचा हिशोब विचारायला यायची. म्हणून या सूचना. मुलुंडच्या एका सोसायटीत यंदा त्या तंतोतंत पाळल्या गेल्या आणि कार्यक्रम दणक्यात पार पडला. मी तिथेच राहते.

सुरुवात रंगांपासून करा. यादी घटस्थापनेच्या आधीच ग्रुपवर टाका. बायका आपापल्या साड्या हुडकतात, राखाडी रंगाला शिव्या घालतात, लोकलचा लेडीज डबा एका रंगाचा होतो, फोटो येतात. ही नऊ रंगांची प्रथा कुठल्या पुराणात नाही, ती वर्तमानपत्रातून आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी 'शास्त्रात कुठे लिहिलंय?' असं कुणी विचारत नाही. विचारूही नये. शास्त्र जपून वापरायचं असतं. बाई पूजेच्या पाटावर बसायला निघाली की मगच ते बाहेर काढायचं.

भाषण अध्यक्षांनीच करावं. 'यत्र नार्यस्तु'पासून उचलावं आणि तिथेच थांबावं. हा श्लोक मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला आहे हे सांगू नये, कारण मग कुणीतरी आगाऊ माणूस नववा अध्याय उघडतो, आणि तिथे बाईला लहानपणी बाप, तरुणपणी नवरा आणि म्हातारपणी मुलगा अशी पाळी लावून दिलेली आहे. त्यातून गाडी २५ डिसेंबर १९२७ कडे आणि बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली त्या महाडकडे वळली, तर शिरा गार होतो.

गार्गी, मैत्रेयी, लोपामुद्रा ही नावं एका दमात घ्यावीत. आमच्या धर्मात स्त्रिया ऋषिका होत्या, वादसभेत बसत होत्या, असं म्हटलं की टाळ्या ठरलेल्या. पुढे काय झालं ते मात्र सांगू नका. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी प्रश्नावर प्रश्न विचारायला लागते तेव्हा याज्ञवल्क्य तिला सांगतात, आता पुरे, जास्त विचारशील तर डोकं गळून पडेल. आमच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगबद्दल तिसरा प्रश्न विचारल्यावर सेक्रेटरी साधारण हेच म्हणतात, फक्त संस्कृतात नाही. आणि ती गार्गी गप्प बसून राहिली नाही, त्याच सभेत पुन्हा उठली आणि आणखी दोन प्रश्न घेऊन उभी राहिली, हे तर मुळीच सांगू नका.

पूजा सांगायला बाई बोलवायची टूम निघाली तर काय? निघतेच. हल्ली मुलींना सगळं माहीत असतं. पुण्यात १९७० च्या दशकापासून बायकांना पौरोहित्य शिकवतात, ज्ञानप्रबोधिनीत तर जातही विचारत नाहीत. पंढरपूरला बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांचा हक्क सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये संपवल्यावर मंदिर समितीनं पुजारी म्हणून बायकांचेही अर्ज मागवले. तेव्हा थेट 'नाही' म्हणू नका, तुम्ही काही मागासलेले नाही. 'कल्पना उत्तम आहे' म्हणा. मग 'ज्येष्ठांना विचारून बघू' म्हणा. मग 'आपले गुरुजी इतकी वर्षं येतात, वाईट दिसेल' म्हणा. तोवर अष्टमी येते.

पाळीचा विषय आला तर 'अडचण' म्हणा आणि छताकडे बघा. कामाख्येला देवीचीच पाळी मानतात, तीन दिवस देऊळ बंद ठेवतात आणि मग त्याचीच जत्रा भरते, पण गुवाहाटी लांब आहे. आपल्याकडे केमिस्ट खालीच आहे, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मिळतात.

आता मुख्य कार्यक्रम, नवदुर्गा सन्मान. निवड समितीत अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि दोन ज्येष्ठ सदस्य असावेत. बाई घेऊ नये. कोण कोणाशी बोलत नाही हे तिला माहीत असतं, निवड अवघड होते. दुर्गा शक्यतो निवृत्त असावी, तिला वेळ असतो. भेटवस्तू प्रायोजकानं दिलेली असल्यानं तक्रारीला जागा नाही. यंदा नॉनस्टिक तवा होता. देवीच्या हातात त्रिशूळ, आमच्या दुर्गेच्या हातात तवा. धान्यपिठाच्या डोश्यासाठी उत्तम आहे म्हणतात.

आणि बॅनर. बॅनरवर जिजाऊ, अहिल्याबाई, झाशीची राणी आणि सावित्रीबाई एवढ्या चौघी हव्यातच. आमच्याकडे बारा बाय आठचा होता, कोपऱ्यात कार्यकारिणीचे गोल फोटो. या बॅनरखाली आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सन्मानपत्र दिलं. काकू महापालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स होत्या. कोविडमध्ये निवृत्त असूनही ऑक्सिमीटर घेऊन विंगमध्ये दारोदार फिरल्या. सेक्रेटरींच्या वडिलांना रोज इंजेक्शन द्यायला कोण जात होतं, तेही सेक्रेटरींना आठवत असेल. सन्मानपत्रावर 'साक्षात दुर्गा' असं सोनेरी अक्षरांत होतं. शाल, श्रीफळ, तवा, फोटो. काकू लाजल्या, छान हसल्या.

मग ओटी भरायला रांग लागली. काकूंनी घरून खण आणला होता, हिरवा, वर नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि गजरा ओल्या रुमालात. त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढचीनं मागे वळून हळूच म्हटलं, 'काकू, तुम्ही जरा थांबता का? सवाष्णींचं होऊन जाऊ दे आधी.' काकू बाजूला झाल्या. रांग संपली. आता त्यांना बोलावतील म्हणून मी बघत होते. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं आणि आरतीची घंटा हातात घेतली. काकूंच्या एका हातात तो तवा आणि दुसऱ्या हातात ते ताट. देवी दहा पावलांवर.

बोलणारी बाईच होती, म्हणून पुरुषांनी हुश्श करू नये. तिला ते शिकवलं कुणी आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं कुणी, ते मी समोरच बसून पाहिलंय. आरतीनंतर मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, 'अहो ताई, आपल्याला काही प्रॉब्लेम नाही, पण लोकांच्या भावना असतात.' या लोकांचा फ्लॅट नंबर काय, हे मी अजून शोधते आहे. वर म्हणाले, 'काकूंना वाईट वाटलं नाही, त्या समजूतदार आहेत.' हो ना. समजूतदार बाईइतकी सोयीची दुर्गा नाही. तिला स्टेजवर चढवता येतं आणि रांगेतून उतरवताही येतं, आणि दोन्ही वेळा ती 'असू दे' म्हणते.

आणि तुम्ही तो बॅनर एकदा तरी वाचलात का हो, छापायला देण्याआधी? अहिल्याबाईंचे पती १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यानंतर त्यांनी बांधलं. घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यानंतर केला. देशभर घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं, सगळं त्यानंतर. म्हणजे ज्या बाईनं हिंदूंची देवळं उभी केली ती मुलुंडला खण घेऊन आली असती तर तिला 'जरा थांबता का' म्हटलं असतं. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले. १६७४ चा राज्याभिषेक जिजाऊंनी विधवा म्हणूनच पाहिला. गंगाधरराव १८५३ मध्ये गेले, झाशीची राणी लढली ती त्यानंतर. आणि १८९० मध्ये जोतिराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, हातात धरून सावित्रीबाई स्वतः पुढे चालल्या. चारही जणी विधवा! तुमच्या बारा बाय आठच्या बॅनरवर एकही सवाष्ण नाही! त्यांच्या पायाशी उभं राहून तुम्ही एका विधवेला रांगेतून काढलंत. दशमहाविद्या या दहा देवींमधली धूमावती तर देवी असून विधवा आहे. तिची ओटी कोण भरणार, तुमची कार्यकारिणी?

असो. सूचनांकडे वळू.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. सरकारनंही लगोलग परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. घाबरू नका. मुलुंडला ग्रामपंचायत नाही.

कोर्टाच्या बातम्या आल्या तर पान उलटावं. शनिशिंगणापूरच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयानं देवळात सगळ्या हिंदूंना प्रवेश देणाऱ्या १९५६ च्या कायद्याची आठवण करून दिली आणि ८ एप्रिल २०१६ ला, ऐन गुढीपाडव्याला, बायका चौथऱ्यावर चढल्या. शनीचा कोप झाल्याचं ऐकिवात नाही. बायकांना देवळात प्रवेश देणाऱ्या शबरीमलाच्या २०१८ च्या निकालात पाचांपैकी एकाच न्यायमूर्तींचं मत विरोधी होतं आणि त्या नेमक्या महिला होत्या. ते तेवढं कात्रण पाकिटात ठेवा, कधीही उपयोगी पडतं.

मुलीनं अग्नी द्यायचा विषय निघाला तर 'मोठ्या लोकांचं वेगळं असतं' म्हणा. २०१४ मध्ये परळीला गोपीनाथ मुंडेंना पंकजाताईंनी अग्नी दिला, २०१८ मध्ये वाजपेयींना त्यांच्या मानसकन्येनं दिला, तुम्ही दोन्ही वेळा टीव्हीसमोर हात जोडून बसला होतात. तुमच्या घरी वेळ आली की मात्र परदेशातला मुलगा पोचेपर्यंत बर्फाची पेटी मागवता.

वारसाहक्काचं नाव काढू नका. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क १९९४ पासून आहे, केंद्रानं तो २००५ मध्ये दिला. भाऊबीजेला साडी द्यावी आणि दिवाळी संपल्यावर हक्कसोडपत्र पुढे करावं. 'नातं महत्त्वाचं की दोन खोल्या?' असं बहिणीलाच विचारावं. भावाला नाही.

बस झाल्या सूचना. मला आता हे गंमतीनं लिहिता येत नाही.

तुम्हाला बाईची पूजा करायला आवडते कारण पूजेत बोलायचं तुम्ही आणि ऐकायचं मूर्तीनं. घटाखालची माती चाळली बायकांनी, रोज माळ बांधली बायकांनी, भोंडल्याची खिरापत केली बायकांनी, रात्री मांडव झाडला बायकांनी. घंटा तुमच्या हातात. कुणाची ओटी चालते आणि कुणाची नाही, हे ठरवणार तुम्ही, आणि विचारलं की लोकांच्या भावना पुढे करणार. धर्म आड येत नाही हो, धर्मात गार्गीही आहे आणि मनूही आहे. काय उचलायचं ते तुम्ही ठरवता, आणि दरवेळी तुमचा पाट सुटणार नाही असंच बरोबर सापडतं!

वर्गणी मागायला गेलात तेव्हा काकूंना विचारलं होतंत का, तुमचे यजमान हयात आहेत का म्हणून? पैसे चालले. पावती तर अजून काकांच्या नावानं फाडता, ते जाऊन कैक वर्षं झाली तरी. निदान ती पावती काकूंच्या नावानं फाडा. त्यांच्या दारात जाऊन माफी मागा, ग्रुपवर हात जोडलेली इमोजी टाकून नको. आणि पुढल्या वर्षी त्यांना रांगेत पहिलं उभं करायची हिंमत नसेल, तर स्त्रीशक्ती, जागर, नवदुर्गा यातलं काही तोंडातून काढू नका. सरळ डीजे लावा, गरबा खेळा आणि दहाच्या आत बंद करून घरी जा.