कोकणात वाइनची द्राक्षं? त्या मेसेजमधल्या एकेका वाक्याबद्दल

गेले काही महिने आंबा-काजूवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: 'फ्रान्सचं बोर्दो समुद्राकाठी, आपलं कोकणही समुद्राकाठी. तिथे ९०० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे तिप्पट, म्हणजे पाण्याची ददात नाही. जांभा निचऱ्याचा, आणि द्राक्षाला अशीच गरीब जमीन लागते. बाकी ठिबक बघून घेईल. नाशिकने केलं, मग कोकणाने का नाही?' खाली रोपांसाठी फोन नंबर.

एरवी मी याकडे दुर्लक्ष केलं असतं. पण हा मेसेज वाचून माझ्या पुतण्याने काजूच्या वेंगुर्ला-४ जातीची चाळीस धरती कलमं तोडून तिथे मांडव घालायचं ठरवलं, तेव्हा गप्प बसवेना. तरुणपणी मी निफाडजवळ वाइनच्या द्राक्षबागेत सहा हंगाम काम केलंय. आता गुहागरात सुपारीचं आगर आहे आणि वर सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) काजू. दोन्हीकडची माती हाताला लागलेली आहे, त्या आधारावर लिहितो.

पहिलं, समुद्राचं. बोर्दो समुद्राजवळ आहे हे खरं. पण ते पंचेचाळीस अक्षांशावर आहे आणि तिथल्या बागायतदाराची मोठी भीती थंडीची. पाण्याची ऊब तिथे कोवळ्या फुटव्याला वाचवते. २०१७ च्या एप्रिलात तिकडे कडक दंव पडलं तेव्हा आतल्या भागातल्या बागा करपल्या आणि जिरोंदच्या रुंद खाडीकाठच्या बऱ्याच बागा वाचल्या. आपल्याकडे दंव कुठलं? इथे तोच समुद्र रात्र गार होऊ देत नाही. जानेवारीत नाशकाची रात्र सरासरी १० अंशांच्या आसपास उतरते, रत्नागिरीची १८-१९ वर अडते. वाइनसाठी हा फरक जीवघेणा आहे. मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडून रंग धरायला लागतो त्याला निफाडकडे असंच म्हणतात) साखर दिवसा वाढते आणि आंबटपणा रात्री टिकतो. रात्र उबदार असली की वेल ते आम्ल श्वसनात जाळून टाकते, आणि काळ्या द्राक्षाला रंगही नीट चढत नाही. हाती येतो तो गोड पण मिळमिळीत रस. थंडीची किंमत हापूसवाल्याला नव्याने सांगायला नको, डिसेंबरात मोहोरासाठी आपण तिची कशी वाट बघतो ते आठवा.

पावसाबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण मेसेजमधली खरी चूक तिथे आहे. बोर्दोचा पाऊस वर्षभर विभागून पडतो, आणि हिवाळ्यात पडतो तेव्हा वेल पान गाळून झोपलेली असते. आपला ३००० मिलिमीटर चार महिन्यांत कोसळतो, तोही वेल पूर्ण जागी असताना. उष्ण हवेत द्राक्षवेल झोपतच नाही. म्हणून महाराष्ट्रात वर्षाला दोन छाटण्या घेतात, एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. पीक मात्र एकच, जानेवारी ते मार्चमध्ये निघणारं. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा गर्भ धरतो, आणि त्याला लख्ख ऊन लागतं. एप्रिलच्या मध्यावर छाटलं तर हे दिवस मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत येतात, म्हणजे ऐन मृगात.

यावर एकाने मला सुचवलं, मार्चमध्येच छाटा. ठीक, गर्भ धरला असं समजू. पुढे सप्टेंबरपर्यंत काडी पिकली पाहिजे, आणि ती पिकते पानांच्या जिवावर. ती पानं टिकतात का, ते मी दरवर्षी डोळ्यांनी बघतो. निफाडहून आणलेल्या काड्यांच्या तीन वेली माझ्या अंगणातल्या मांडवावर आहेत. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पानावर तेल सांडल्यासारखे पिवळट डाग पडतात. पान उलटलं की डागाच्या बरोबर खाली पांढरी, कापसासारखी बुरशी. बोटाने पुसली तर पुसली जाते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच असते. हा केवडा रोग (डाऊनी मिल्ड्यू). ऑगस्टच्या अखेरीला वेल बोडकी झालेली असते आणि काडी हिरवीच राहते, दाबली तर वाकते. ऑक्टोबरात तिला छाटून घड कुठून येणार?

केवड्याची पहिली लागण कधी होते याचा युरोपातल्या बागायतदारांचा जुना ठोकताळा आहे: तापमान १० अंशांवर, फुटवा १० सेंटिमीटर आणि पाऊस १० मिलिमीटर. हे तीन दहा जुळण्याची ते वसंतात वाट बघतात आणि मग फवारणीला लागतात. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते जवळजवळ रोज जुळतात.

गंमत म्हणजे बोर्दोचं नाव आपल्या आगरांत कधीच येऊन बसलेलं आहे. हा केवडा १८७८ च्या सुमाराला अमेरिकेतून फ्रान्सात शिरला आणि तिथल्या बागांची वाट लावली. त्यावर बोर्दोच्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने १८८५ मध्ये मोरचूद आणि चुन्याचं औषध जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. कोळेरोग येऊ नये म्हणून पावसाच्या तोंडावर आपण सुपारीच्या शिंपुटांवर (घोसांवर) मारतो ते हेच. तेव्हा 'फवारणी करू की' म्हणणाऱ्याने आपल्या आगराचा हिशेब आठवावा. झाडावर मोजकी शिंपुटं भिजवायची तरी चढणारा गडी मिळत नाही आणि पावसाची उघडीप सापडत नाही. इथे तर मांडवावरचं प्रत्येक पान वरून-खालून भिजवायचंय, आणि जुलैतली एक सर आली की केलेलं सगळं धुऊन जातं. निफाडला वर्षभरात पडतो तेवढा पाऊस आपल्याकडे जुलैच्या दोन-तीन आठवड्यांत पडून जातो. नाशिकवाल्यांनाही केवडा छळतोच, पण सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत बसून ते त्याच्याशी झगडतात.

आता जांभा. निचऱ्याचं खरं आहे आणि वाइनच्या द्राक्षाला सुपीक जमीन नको हेही खरं. नाशिककडेसुद्धा काळ्या भारी जमिनीत वेल नुसती माजते, पाल्यात दडलेला घड पिकत नाही. म्हणून वाइनवाले मुरमाड, हलकी जमीन शोधतात. पण गरीब जमिनीतही प्रकार असतात. बोर्दोच्या मेदोकमध्ये गोट्यांचे खोल थर आहेत, त्यांतून मुळं काही मीटर खाली उतरतात आणि तिथलं थोडं थोडं पाणी वेलीला हंगामभर पुरतं. आपल्या सड्यावर वीतभर माती आणि खाली सलग कातळ. आंब्याच्या कलमासाठी आपण सुरुंग लावून खड्डे घेतो, वरून माती आणून भरतो. आंब्याची मुळं भेगा शोधत उतरतात, त्याचं आयुष्यच तेवढं मोठं. द्राक्षाच्या ओळी पाच-सहा फुटांवर वेल असलेल्या, एकरात शेकड्यांनी खड्डे. तो खर्च मेसेजमध्ये कुठेच नाही.

शिवाय जांभा ज्या पावसाने घडवला त्यानेच त्यातला कस नेलाय. लाखो वर्षं पाणी झिरपून चुनखड, पोटॅश, सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. म्हणून माती लाल आणि आम्ल. घातलेला स्फुरद हे लोह-ॲल्युमिनियमच बांधून ठेवतं, वेलीच्या वाट्याला थोडाच येतो. ऑस्ट्रेलियात कुनावाराची लाल माती वाइनसाठी नावाजलेली आहे आणि 'लाल माती' म्हणून तिचाही दाखला देतात. तिच्याखाली चुनखडक आहे. आपल्याखाली चिऱ्याची खाण.

ठिबकाबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकण कोरडं असतं, आणि मणी सेट झाल्यापासून पाणी उतरेपर्यंत वेलीला मोजून ताण द्यायला हे दिवस उत्तम. ताणाने मणी लहान राहतो, रसाच्या मानाने साल जास्त येते, आणि लाल वाइनचा रंग व तुरटपणा सालीतून येतो. तेवढं इथे जमेल. पण खरड छाटणी पडते एप्रिलात, आणि नव्या फुटीला मेपर्यंत भरपूर पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या सड्यावरच्या वाड्यांत काय चाललेलं असतं? विहिरीचा तळ दिसतो, बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपून ऑक्टोबरपर्यंत खाडीला मिळालेलं असतं. नळ्या अंथरल्याने विहिरीत पाणी येत नाही. आणि ते पाणी आलंच, तर ते आधी द्राक्षाला द्यायचं का?

'डोंगरउतारावर लावा' हे उत्तरही ऐकलं. उताराने निचरा होतो, पण आपले उतार पावसाला सामोरे उभे आहेत. आंबोलीला वर्षाकाठी ७००० मिलिमीटरच्या आसपास पडतो.

पुतण्याशी दोन संध्याकाळी बसून हेच सगळं बोललो. कलमं अजून उभी आहेत. ज्याला एवढं वाचूनही करून बघायचंच असेल, त्याने एकर लावू नये, पाच वेली लावाव्यात. एप्रिल-मेमध्ये त्यांना रोज किती पाणी घातलं ते वहीत लिहावं, जूनपासून फवारणीचा खर्च त्याच वहीत मांडावा. आणि गणपती आले की मांडवाखाली उभं राहून वर बघावं, किती पानं उरलीत.