पॅलेट कशाला तापवता?

संत्रा परदेशी धाडायचं ठरवलंय? झकास. आता सगळा जीव फळात ओता. रंग पाहा, आकार पाहा, मेण चढवा, देखणी खोकी छापून घ्या. खोक्यांखालच्या लाकडी पॅलेटकडे, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीकडे, मात्र ढुंकूनही पाहू नका. ते थोडंच कुणी सोलून खाणार आहे!

पॅलेट गावातच ठोकून घ्या. आरामशीनवर आंब्याच्या ओल्या फळ्या पडलेल्याच असतात. काठाला साल राहिली तर राहू द्या. सालीचा तुकडा ३ सेंटिमीटरहून कमी रुंद हवा, त्याहून रुंद असेल तर ५० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान हवा, म्हणे. साल मोजत फिरायला आपण काय तलाठी आहोत?

नागपुरात शिकणारा भाचा मध्ये तोंड घालेलच. "मामा, लाकडी पॅकिंगसाठी आयएसपीएम-१५ म्हणून जगाचा नियम हाय, २००२ पासून. आतली कीड मरावी म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशावर अर्धा घंटा तापवा लागते." त्याला मे महिन्यात भर दुपारी अंगणात उभं करा. चंद्रपूरकडे पारा ४७ पर्यंत चढतो. राहिले किती, नऊच अंश! तेवढी सूट विदर्भाला मिळायलाच हवी. फळीच्या गाभ्यातल्या अळीपर्यंत आपलं ऊन पोचत नाही, पण तिला विचारतो कोण?

१९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आशियातला लांब मिशांचा भुंगा सापडला. लाकडी पेट्यांतून आला असावा, असं मानतात. त्यापायी तिकडे हजारो झाडं तोडावी लागली. तोडू द्या. आपल्या बागेत साल खाणारी अळी शिरली की आपण छिद्रा-छिद्रात तार घालत फिरतो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तीच दुसऱ्याच्या रानात गेली तर आपलं काय जातं?

राहिला लाकूड तापवल्याचा ठप्पा. फरिदाबादच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाने मान्यता दिलेल्या केंद्रात लाकूड तापवून तो मिळतो, पण त्यात पैसे जातात. निवडणुकीच्या भिंती रंगवणारा पेंटर गाठा. गव्हाची ओंबी, देशाचा 'आयएन', केंद्राचा नंबर (कुठलाही), आणि 'एचटी', म्हणजे हीट ट्रीटमेंट, तापवलेलं. हाताने काढलेली खूण चालत नाही, शिवाय लाल आणि केशरी रंग टाळा म्हणतात, ते धोकादायक मालाच्या खुणांचे. आपण केशरीच घ्या. संत्र्याला शोभतो.

आणि हो, प्लायवूडच्या पॅलेटला हा नियम लागतच नाही. हे मात्र कुणाला सांगू नका, भाच्याला तर नाहीच.

पुढे बंदरातला माणूस फळ हुंगणारही नाही, आधी ओंबी पाहील. मग खेप परत, नाहीतर जाळा, नाहीतर तिथेच प्रक्रिया करा. बिल तुमच्याच नावावर. तेव्हा सुताराला फोन लावा. त्याने पॅलेटचे पैसे रोख घेतलेत, आणि पावती तुम्हीच नको म्हणाला होतात.