तिकिटामागची ती ओळ

गेल्या वर्षी एका स्पर्धेचा अंतिम सामना बघायला गेलो होतो, मी आणि माझी भाची. लोखंडी पाइपांवर फळ्या टाकून उभारलेलं तात्पुरतं स्टँड होतं. मध्यंतरात ती पाणी आणायला उठली, दोन ओळी उतरली आणि पायाखालची फळी सरकली. पाय गुडघ्यापर्यंत फटीत गेला, नडगीचं हाड मोडलं. दोनदा शस्त्रक्रिया झाली. अजूनही जिना उतरताना ती कठडा सोडत नाही.

रुग्णवाहिकेची वाट बघत होतो तेव्हा आयोजकांपैकी एकजण आला. त्याने माझ्याकडून तिकीट मागून घेतलं, उलटं केलं आणि बारीक अक्षरातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर, कोणत्याही इजेस आयोजक जबाबदार नाहीत. मी गप्प बसलो. तिकीट घेतलं म्हणजे सहीच केली, आता बोलायला तोंडच नाही, असं मला खरंच वाटलं. त्या गप्प बसण्याचा मला आजही त्रास होतो. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतोय, ओळखीच्या वकिलांना विचारतोय. म्हणून हे लांबलचक लिहितोय. कृपया वाचा.

आधी आयोजकांच्या बाजूचं सांगतो, कारण ती बाजूही खरी आहे. 'व्होलेन्टी नॉन फिट इन्ज्युरिया' हे जुनं लॅटिन तत्त्व: ज्याने धोका समजून उमजून पत्करला, त्याला त्याच धोक्याबद्दल दाद मागता येत नाही. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीत दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि त्यातली एक कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसली. दोन माणसं गेली. तो ट्रॅक सुरू होऊन २३ वर्षं झाली होती आणि तोवर एकही गाडी कठड्यापलीकडे गेलेली नव्हती. १९३२ मध्ये अपील कोर्टाने मालकांना दोषमुक्त केलं. वाजवी काळजी घेतली होती, प्रत्येक अघटिताची हमी देता येत नाही, असा त्याचा अर्थ. १९५१ चा बोल्टन विरुद्ध स्टोन हा खटलाही तसाच. क्रिकेटचा चेंडू मैदानाबाहेर, रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला लागला. तीसेक वर्षांत चेंडू तिथवर जेमतेम सहा वेळा गेला होता. क्लब सुटला. १९७७ च्या मिलर विरुद्ध जॅक्सनमध्ये मात्र शेजारच्या घरांवर दर हंगामात चेंडू पडत होते, तेव्हा क्लबला भरपाई द्यावी लागली. धोका किती वेळा समोर येऊन गेला होता, हे कोर्ट मोजतं.

हे सगळं मला मान्य आहे. सीमारेषेजवळ बसलो आणि षटकार डोक्यात बसला तर मी खेळाडूला किंवा क्लबला कोर्टात खेचणार नाही. पण फळी? फळी हा खेळाचा भाग कधी झाला? चेंडू कुठून येईल हे मी बघू शकतो, निदान तसा प्रयत्न करू शकतो. नट घट्ट आवळलाय की नाही हे मी स्टँडखाली वाकून बघावं, अशी अपेक्षा कोणी ठेवू शकत नाही. खेळाची जोखीम माझी, जागेची जोखीम जागा ताब्यात असणाऱ्याची. तिकिटामागच्या ओळीने या दोन्ही एकाच पोत्यात भरलेल्या असतात.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आगीबद्दल वाचलं तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही. ११ मे १९८५, फुटबॉलचा सामना, जुनं लाकडी स्टँड. फळ्यांमधल्या फटींतून वर्षानुवर्षं कचरा खाली पडत होता. आगीनंतर त्या ढिगात १९६८ सालचं वर्तमानपत्र सापडलं. सतरा वर्षं तिथे कोणी झाडू फिरवला नव्हता! जळती काडी की सिगारेट खाली पडली आणि पाच मिनिटांच्या आत अख्खं स्टँड पेटलं. जे पुढे मैदानात धावले त्यांतले बहुतेक वाचले. जे आलो तिथूनच बाहेर पडू म्हणून मागच्या बाजूला गेले, त्यांना बंद दारं भेटली. ५६ माणसं गेली. आणि हे सगळं आधीच्याच वर्षी लेखी कळवलेलं होतं. काउंटी कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, क्लबला पत्र पाठवून खालचा कचरा आणि आगीचा धोका दाखवून दिला होता.

१९८७ मध्ये निकाल लागला. दोन तृतीयांश जबाबदारी क्लबची, एक तृतीयांश कौन्सिलची. म्हणजे ज्यांनी पत्र लिहिलं त्यांनाही पत्र लिहून हात झटकता आले नाहीत. धोका दिसला होता, अधिकार होते, मग थांबवलं का नाही? मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

आता दिल्लीचं उपहार चित्रपटगृह. १३ जून १९९७, आग, ५९ मृत्यू. बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून वाटा अरुंद केलेल्या, आणि उजवीकडचं बाहेर पडायचं दार आठ खुर्च्यांच्या खासगी बॉक्सने बंद केलेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये भरपाईची जबाबदारी ८५ टक्के चित्रपटगृहाच्या मालकांवर आणि १५ टक्के वीज मंडळावर टाकली. महापालिका आणि परवाना देणारं खातं यांना भरपाईतून वगळलं. न्यायालयाचा आदर ठेवूनही म्हणतो, मला ते पटलेलं नाही. त्या खुर्च्यांना, त्या बॉक्सला परवानगी देताना कोणाचा तरी शिक्का बसला होता ना?

इंग्लंडमधल्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर तर उलटंच घडलं. १९८९ मध्ये ९७ जणांचा जीव घेणाऱ्या त्या चेंगराचेंगरीचं खापर सुरुवातीला प्रेक्षकांवरच फोडलं गेलं. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हे ज्युरीने अधिकृतपणे म्हणायला २०१६ उजाडलं. गर्दी जमली की गर्दीलाच दोष देणं सगळ्यांत सोपं असतं. गेट किती, दर मिनिटाला त्यातून किती माणसं आत येऊ शकतात, हा हिशोब मात्र गर्दीने करायचा नसतो.

आणि ती ओळ? इंग्लंडमध्ये आधी १९७७ च्या आणि आता ग्राहकांसाठी २०१५ च्या कायद्यानुसार निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू किंवा शारीरिक इजा यांची जबाबदारी व्यावसायिक आयोजकाला कोणत्याही सूचनेने किंवा करारातल्या कलमाने झटकता येत नाही. भारतात पैसे देऊन तिकीट घेणारा ग्राहक ठरतो आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यामुळे कोणी तिकीट उलटं करून दाखवलं तर माझ्यासारखे गप्प बसू नका.

छोटे क्लब बंद पडतील, स्वयंसेवक पुढे येणार नाहीत, ही भीती मला ठाऊक आहे. मी स्वतः स्पर्धांना मदत केली आहे. पण विमा असतो. सामन्याआधी एका माणसाने हातात पाना घेऊन स्टँडखालून फेरी मारायला तासभर लागतो. मोठ्या लीगसुद्धा शेवटी ऐकतातच. बेसबॉलमध्ये क्लबने पुरेशा जागांपुढे जाळी लावली असेल, तर बाकीच्या जागी बसलेल्या प्रेक्षकाला चेंडू लागल्यास क्लब जबाबदार नाही, हा नियम अमेरिकी कोर्टांनी १९१३ पासून जपला. तरी माणसं जखमी होत राहिली आणि २०२० पर्यंत मेजर लीगच्या सगळ्या, म्हणजे ३० क्लबांना जाळ्या वाढवायचं ठरवावं लागलं. सामन्यातली मजा त्याने कमी झाली नाही.

दुर्दैवाने वेळ आलीच तर जागा सोडण्याआधी फोटो काढा. फळी, नट, पायरी, दिवा, जे असेल ते, कारण दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त झालेलं असतं. तिकीट फेकू नका. आयोजकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. आसपासच्या दोघातिघांचे नंबर घ्या. आम्ही यातलं फक्त तिकीट जपलं होतं.

मैदानाचे मालक म्हणाले स्टँड ठेकेदाराचं, ठेकेदार म्हणाला तपासणी आयोजकांकडे, आयोजक म्हणाले तिकीट वाचा. आम्ही तिघांनाही प्रतिवादी केलंय. तक्रारीत रकमेच्या आधी भाचीने स्वतः सुचवलेला एक प्रश्न आहे: दारं उघडण्याआधी त्या फळीवर कोणी उभं राहून बघितलं होतं, त्याचं नाव द्या. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे, नाव अजून आलेलं नाही.