नुसता रस्ता दाखवणं नव्हे
तुमच्या लेखात नर्स नॅव्हिगेटरला, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णाला तपासणीपासून उपचारांपर्यंत सोबत करणाऱ्या नर्सला, ‘रस्ता दाखवणारी’ म्हटलंय, ते जरा अपुरं वाटलं. न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलात डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० साली रुग्णांना अशी सोबत देणं सुरू केलं, ते गरीब बायकांचे तपासणी ते उपचार यांतले दिवस वाया जाऊ नयेत म्हणून. आईच्या वेळी आम्हाला असं कुणी नव्हतं. बायोप्सीचा रिपोर्ट चार दिवस काउंटरवर पडून, आणि आम्ही घरी फोनची वाट बघतोय! पुढे दुसरीकडे केमो सुरू झाली, तिथे एक सिस्टर भेटल्या. ताप १००.४ झाला की सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच यायचं, हे त्यांनी आईकडून दोनदा वदवून घेतलं. मुंबईत टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयात रुग्णांच्या सोबतीला ‘केवट’ नावाचे असेच मदतनीस असतात. जिल्हा रुग्णालयांत कधी?