अनुभवगुणांचा उफराटा हिशेब

‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ हा टेबलाभोवती बसून रक्तपिपासूंच्या भूमिका वठवण्याचा खेळ खेळताना अनुभवगुण, म्हणजे पात्र सुधारायला मिळणारे गुण, खर्च करण्याची वेळ आली की माझे डोके फिरते, आणि त्याला खेळातले रक्तपिपासू नव्हे, तर नियमपुस्तकातले दरपत्रक कारणीभूत असते. कारस्थाने आणि विश्वासघात रंगवून झाल्यावर स्टोरीटेलर, म्हणजे खेळ चालवणारा, प्रत्येकाला सरसकट एक गुण देतो, काही शिकल्याबद्दल किंवा भूमिका चांगली वठवल्याबद्दल आणखी एकेक देतो, आणि पुढच्याच क्षणी सगळे जण कॅरेक्टर शीटवर, म्हणजे आपापल्या पात्राच्या नोंदपत्रावर, वाकून गुणाकार करू लागतात.

आम्ही खेळतो त्या, 2011 साली आलेल्या विसाव्या वर्धापनाच्या आवृत्तीत पात्र तयार करताना अ‍ॅट्रिब्यूटचा प्रत्येक डॉट सारख्याच भावाने मिळतो (अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे बुद्धीसारखी पात्राची मूळ क्षमता, आणि डॉट म्हणजे ती मोजणारा ठिपका). दुसरा असो वा पाचवा, वाट्याला आलेल्या डॉटांतून एकच खर्ची पडतो. खेळ सुरू झाला की मात्र सध्या असलेल्या डॉटांच्या चौपट गुण मोजावे लागतात, म्हणजे एकावरून दोनवर जायला 4 आणि चारावरून पाचवर जायला 16. हे दोन नियम शेजारीशेजारी ठेवून कोणीच वाचले नाहीत का?

याचा परिणाम पाहा. बौद्धिक गटाला 5 डॉट मिळाले आहेत आणि तिन्ही अ‍ॅट्रिब्यूटमध्ये एकेक डॉट आधीच फुकट आहे. एक खेळाडू विचार करून एक पत्रकार उभा करतो: इंटेलिजन्स 3, पर्सेप्शन (निरीक्षणशक्ती) 3, विट्स (प्रसंगावधान) 2. कोणालाही पटेल असा माणूस. दुसरा, ज्याने इंटरनेटवर पात्र ‘बांधण्याचे’ धडे घेतले आहेत, तो इंटेलिजन्स थेट 5 करतो, पर्सेप्शन 2 ठेवतो आणि विट्स 1 वरच सोडतो. म्हणजे जगातला अव्वल बुद्धिमान, ज्याला समोरच्याने पिस्तूल काढले तरी काय करावे ते सुचत नाही. आता दोघांनाही 5, 3, 2 इथे पोहोचायचे आहे. दुसऱ्याला 8 अधिक 4, असे 12 गुण पुरतात. पहिल्याला 12 अधिक 16, म्हणजे 28 गुण लागतात. शेवटी दोन्ही शीट अक्षरशः सारखी, आणि माणसासारखा माणूस लिहिल्याचा दंड 16 गुण, जे मिळवायला कित्येक बैठका जातात!

फ्रीबी पॉइंटांची, म्हणजे पात्र बनवताना हवे तिथे खर्चायला मिळणाऱ्या जादा गुणांचीही, तीच कथा. ते 15 मिळतात आणि अ‍ॅट्रिब्यूटचा कोणताही डॉट त्यांत 5 ला पडतो, त्यामुळे ते चारावरून पाचवर जाण्यासाठीच उधळावेत आणि खालचे स्वस्त डॉट नंतर अनुभवगुणांनी घ्यावेत, हे गणित ज्याला कळले तो शहाणा. नवख्याला हे कोणी सांगत नाही. तो बिचारा पात्राच्या बालपणावर दोन पाने लिहून आणतो.

पुढे खर्च करतानाही सुख नाही. क्लॅनच्या (पात्राच्या रक्तपिपासू घराण्याच्या) डिसिप्लिनचा, म्हणजे अलौकिक शक्तीचा, तिसरा डॉट 10 गुणांना, चौथा 15 ला, म्हणून साठवत बसावे, तर तोवर पात्र होते तिथेच राहते. आणि ज्या विद्येची कथेत खरोखर गरज पडली तिच्यावर 3 गुण घालवले, की शेजारचा ‘वाया घालवलेस’ म्हणून मान हलवतो. त्याचे खरे असते, हेच जास्त चीड आणते.

यावर उपाय नाही असेही नाही. याच कुळातल्या दुसऱ्या मालिकेने 2013 साली चढते भाव मोडीत काढून अ‍ॅट्रिब्यूटचा प्रत्येक डॉट सरसकट 4 अनुभवगुणांना केला. मास्करेडच्या 2018 च्या पाचव्या आवृत्तीने चढे भाव ठेवले, पण सुरुवातीचे वाटप बांधून दिले: एक अ‍ॅट्रिब्यूट 4 वर, तीन 3 वर, चार 2 वर, एक 1 वर. पळवाट निदान अरुंद झाली.

जुन्याच आवृत्तीवर प्रेम असेल तर जरूर खेळा, मीही खेळतो. पण मग पात्रही पहिल्यापासून अनुभवगुणांच्याच भावाने बनवू द्या. त्यासाठी नवे पुस्तक विकत घ्यावे लागत नाही. स्टोरीटेलरने पहिल्या बैठकीपूर्वी एक वाक्य बोलले तरी पुरते, आणि आमच्याकडे दर वेळी ते वाक्य सोडून बाकी सगळे बोलले जाते.