तापलेल्या डांबरावरचा सराव म्हणजे उंचीवरचे शिबिर नव्हे

क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे बर्फावरून स्कीने लांब अंतर कापण्याचा खेळ, करणाऱ्यांमध्ये दर उन्हाळ्यात एक सल्ला हातोहात फिरतो. त्याचा आशय असा असतो की कोरड्या उन्हाळ्यात भर दुपारी रोलर-स्कीवर, म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या चाकांच्या स्कीवर, जोरदार सराव करावा, कारण ही उष्णता म्हणजे फुकटात मिळालेले उंचीवरचे शिबिर, म्हणजे डोंगरावरच्या विरळ हवेतला सराव, होय. नाडी जितकी चढेल तितका लाभ अधिक. हवा कोरडी असल्यामुळे घाम लगेच वाळतो आणि धोका राहत नाही. पाणी मात्र बेताने प्यावे, म्हणजे शरीर काटक बनते. या सल्ल्याच्या मुळाशी थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच तो पटकन पटतो. परंतु ते तथ्य जिथे संपते तिथून पुढे तो घातक आहे, विशेषतः ज्यांच्यासोबत प्रशिक्षक नसतो अशा तरुण खेळाडूंसाठी.

उंचीशी केलेली बरोबरी आधी तपासली पाहिजे, कारण बाकीचे सारे तिच्यावरच उभे आहे. समुद्रसपाटीपासून 2000 ते 2500 मीटर उंचीवर तीन-चार आठवडे राहिल्यास रक्तात प्राणवायू कमी पडतो, मूत्रपिंडे इरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक सोडतात आणि तांबड्या पेशी वाढू लागतात. उष्णतेचा पहिला परिणाम याहून वेगळा असतो. पहिल्या आठवड्यातच रक्तातील द्रवाचा भाग वाढतो, त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त फेकते आणि तेवढ्याच श्रमाला नाडी कमी लागते. घाम लवकर सुटतो, अधिक येतो आणि त्यातले मीठ घटते. हा बदल दहा ते चौदा दिवसांत बहुतांशी पूर्ण होतो आणि उन्हातला सराव थांबला की काही आठवड्यांत ओसरतो. या काळात कोणी रक्त तपासले तर हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी आलेले दिसू शकते, कारण पेशी तेवढ्याच असतात आणि द्रव वाढलेला असतो. तो आकडा पाहून घाबरून लोहाच्या गोळ्या सुरू करणारे खेळाडू या गोंधळाचे बळी आहेत.

उष्णतेने पुढे हिमोग्लोबिनही वाढू शकते, हे खरे आहे. नॉर्वेतील बेंट रोनेस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अव्वल सायकलपटूंनी पाच आठवडे, आठवड्यातून पाच वेळा, सुमारे 38 अंश सेल्सिअस तापमानात प्रत्येकी 50 मिनिटे सराव केला आणि त्यांच्या शरीरातील एकूण हिमोग्लोबिन वाढले. मात्र सल्ला देणारे इथली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वगळतात, ती म्हणजे तो सराव हलका होता. 2010 साली ओरेगन विद्यापीठातील अभ्यासात खेळाडूंनी 40 अंशांत दहा दिवस सराव केल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता थंड हवेतही सुमारे 5 टक्क्यांनी वाढलेली आढळली. तिथेही श्रम मध्यम होते. उलट 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थंड हवेतील कामगिरीत असा लाभ दिसलाच नाही. स्कीइंगच्या शर्यती थंडीतच होतात, त्यामुळे हा मतभेद आपल्या दृष्टीने किरकोळ नाही. यातल्या कोणत्याही अभ्यासातून भर दुपारी जीव तोडून इंटरव्हल (थोड्या विश्रांतीने तोडलेले जोरदार टप्पे) करावेत असा निष्कर्ष निघत नाही.

नाडीविषयीचा दावा त्याहून चुकीचा आहे. उन्हात त्वचा थंड ठेवण्यासाठी रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो, घामामुळे रक्तातील द्रव घटतो आणि हृदयाला ती तूट ठोके वाढवून भरावी लागते. म्हणजे घड्याळावर नाडी 170 दिसत असली तरी पाय, पाठ आणि दंडांचे स्नायू गारव्यात 155 नाडीला जेवढे काम करतील तेवढेच करत असू शकतात. जोरदार सरावाचा हेतू त्या स्नायूंवर आणि हृदयाच्या एकेका ठोक्याच्या ताकदीवर भार टाकणे हा असतो, आणि तोच उन्हात साधत नाही. ‘माझा वेग तर कमी झाला नाही’ असे उत्तर यावर हमखास येते. रोलर-स्कीची चाके तापली की त्यांचा रस्त्याशी होणारा विरोध घटतो, हे त्यात विसरले जाते. तापलेल्या डांबरावर तेवढ्याच वेगासाठी कमी जोर लागतो, म्हणून सकाळच्या आणि दुपारच्या वेगाची तुलना फसवी ठरते. शिवाय डांबर मऊ झाल्यावर काठीचे कार्बाइडचे टोक त्यात रुतते, प्रत्येक ढकलीनंतर ते उपसून काढावे लागते आणि डबल पोलिंगची, म्हणजे दोन्ही काठ्या एकदम टेकून ढकलण्याची, लय बिघडते. चुकीच्या लयीत तासभर केलेला सराव तंत्रालाही बाधतो, असे माझे ठाम मत आहे.

कोरड्या हवेचा मुद्दा अर्धा खरा आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता जाते आणि दमट हवेपेक्षा कोरड्या हवेत हे सहज घडते. पण मिनिटाला साडेतीन लिटर प्राणवायू वापरणाऱ्या स्कीअरच्या शरीरात तासाला सुमारे 3500 किलोज्यूल उष्णता तयार होते. ती केवळ घामावाटे काढायची तर ताशी जवळजवळ दीड लिटर घाम वाळावा लागतो, आणि अंगावर पडणारे ऊन यात धरलेलेच नाही. अंग कोरडे राहत असल्याने एवढे पाणी गेले हे जाणवतही नाही. पाण्याची बाटली अडकवलेल्या कमरपट्ट्याखाली बनियनवर उमटलेली मिठाची पांढरी रेघच काय ते सांगते. हवेचे तापमान त्वचेच्या, म्हणजे सुमारे 35 अंशांच्या वर गेले की वारा घाम वाळवतो खरा, पण सोबत उष्णताही अंगावर आणतो. चढावर तर श्रम सर्वाधिक आणि वेग, म्हणजेच वारा, सर्वांत कमी असतो.

पाणी कमी पिऊन शरीर काटक होते याला आधार नाही. रक्तातील द्रव घटला की नाडी आणि शरीराचे तापमान दोन्ही वाढतात. मात्र सतत पाणी ढोसणे हाही उपाय नव्हे. 2002 सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधील 488 धावपटूंच्या तपासणीत 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले होते आणि अतिरिक्त पाणी पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते. सरावाआधी आणि नंतर वजन करावे. घट 2 टक्क्यांच्या आत असावी आणि वजन वाढलेले तर कधीच नसावे.

नॉर्वेच्या विख्यात क्रॉस-कंट्री स्कीपटू मारिट ब्योर्गेन यांच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार सर्वाधिक यशाच्या काळात त्या वर्षाला सुमारे 940 तास सराव करत आणि त्यातला जवळजवळ नऊ-दशांश कमी तीव्रतेचा असे. जोरदार सत्रे मुळात मोजकी असतात. ती पहाटेच्या गारव्यात करावीत, कारण दुपारी जमिनीलगतचा ओझोनही वाढलेला असतो आणि तो श्वासनलिकांना त्रास देतो. उन्हाची सवय हवीच असेल तर हलक्या सत्रांपैकी काही उन्हात घ्यावीत, तीही सावली आणि पाणी जवळ असलेल्या छोट्या फेरीवर आणि कोणी तरी सोबत असताना. त्या सोबत्याला एवढे माहीत असले पाहिजे की बोलणे असंबद्ध झाले किंवा तोल जाऊ लागला तर तो थकवा समजू नये. उष्माघातात शरीराचे आतील तापमान 40 अंशांच्या वर गेलेले असते. रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत थांबू नये आणि खेळाडूला ताबडतोब मानेपर्यंत गार पाण्यात बसवून डोके हाताने वर धरून ठेवावे.